पेपरात पोचलेली

माहेनूर अत्तारला वाक्यं सुचायची ती पळताना. बसून कधीच नाही. टेबलाशी बसली की ती पेन चावायची, पंखा कमीजास्त करायची, उठून पाणी पिऊन यायची आणि कागद कोरा तो कोराच. पण खडकी बाजार मागे टाकून रेंज हिल्सच्या रस्त्याला लागली, श्वास आणि पावलं एकमेकांना सापडली, की डोक्यात शब्दाला शब्द लागत जायचा. एखादं वाक्य जमलं की पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत ते मनात म्हणत जायचं. खांबापर्यंत टिकलं तर ठेवायचं, वाटेत गळालं तर त्याची लायकी तेवढीच होती असं समजायचं. विद्यापीठ चौकाकडचा चढ तर ती कितीदा केवळ हातातलं वाक्य पुरं करायच्या हट्टापायी चढून गेली होती. घरी आली की घाम पुसत, बूटही न काढता, सगळं उतरवून ठेवायची.

ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. त्यामुळे या सवयीचाही तिने अभ्यास केला होता. चढावर वाक्यं आखूड होतात. उतारावर विशेषणं वाढतात. तहान लागली की क्रियापदं तेवढी उरतात. हे सगळं तिने एकदा गंमत म्हणून लिहून एका वर्तमानपत्राला पाठवलं आणि त्यातूनच रविवारच्या पुरवणीतलं तिचं सदर सुरू झालं, ‘पायाखालचं’.

पुरवणीचे संपादक गोपाळकृष्ण करमरकर नारायण पेठेत राहायचे आणि फोनवर कमी बोलायचे. कौतुक केलं तर त्यातही एखादी टाचणी असायचीच. सुरुवातीच्या एका लेखात माहेनूरने सहज लिहून टाकलं होतं, ‘माझं पळणं अब्बांना कळत नाही.’ त्या आठवड्यात करमरकरांचा फोन आला.

“तुमच्या गुडघ्यांबद्दल एकाही वाचकाने लिहिलेलं नाही. वडिलांबद्दल पुष्कळ पत्रं आहेत. जरा आणखी येऊ द्यात वडील.”

आणि वडील येत गेले. पुढच्या लेखात अब्बा पाठ फिरवून बसले. त्याच्या पुढच्या लेखात त्यांनी दोन दिवस अबोला धरला. मग कधीतरी त्यांच्या तोंडी ‘मुलीच्या जातीने रस्त्यावर पळायचं?’ हे वाक्यही आलं. ते तिला एका उतारावर सुचलं होतं. वाचकांना अशाच अब्बांची अपेक्षा असावी, कारण ते कोणालाही खटकले नाहीत. एका बाईंनी तर ‘तुमच्या समाजात हे किती कठीण असेल’ असं कळवलं. ते वाचून माहेनूर थोडी अस्वस्थ झाली होती. पण पुढचा लेख तोंडावर आला होता.

खरे शमशुद्दीन अत्तार खडकी बाजारात फोटोंच्या चौकटी करायचे. दारूगोळा कारखान्यातल्या लोकांचे निरोप समारंभाचे फोटो, गणपती, काबा, दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्यांना तेच लाकूड आणि तीच काच. पळण्याविषयी ते एकदाच बोलले होते. “एवढं पळून परत घरीच यायचं, तर निघायचं कशाला?” असं म्हणून स्वतःच हसले आणि पुन्हा काच कापायला लागले. तिचे पहिले पळायचे बूट त्यांनीच घेऊन दिले होते. कॅम्पातल्या दुकानदाराशी भाव करता करता त्यांनी त्याला घाम फोडला होता. हे काही कधी सदरात आलं नाही. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं तिला वाटायचं.

सदराचा विषय अब्बांनी कधी काढला नाही. म्हणून ते वाचत नसणार, असं तिने धरून टाकलं. प्रयोगशाळेत कोणी असं काही धरून चाललं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

पुण्यातली मोठी शर्यत, बेचाळीस किलोमीटरची, डिसेंबरातल्या एका रविवारी होती. सोमवारी करमरकरांचा फोन आला.

“शर्यत रविवारी सकाळी. पुरवणी गुरुवारी रात्री छापायला जाते. काय करणार आहात?”

“पुढच्या रविवारी लिहू का, सर?”

“लिहा की. शिळं खाणारेही वाचक असतात.” मग थोडं थांबून, “नाहीतर तयारीवर लिहा. तेही चालेल.”

म्हणजे तिला वाट करून दिलेली होती. पुढे कितीही विचार केला तरी दोष करमरकरांवर ढकलता येईना, तो यामुळेच.

कारण शेवट तिला आधीच सुचला होता. त्याआधीच्या रविवारी बाणेर रस्त्यावरून परत येताना, पाय हलके असताना, तो आपोआप लागत गेला होता. मैदानाचं दार, गर्दी, आणि गर्दीत हिरवी बाटली उंच धरून उभे असलेले अब्बा. कधीही न आलेले अब्बा. ‘पळ, नूरी!’ अशी त्यांची हाक. ‘त्या एका हाकेसाठी मी इतकी वर्षं पळत होते, हे मला ती ऐकल्यावर कळलं.’ हे वाक्य रेंज हिल्सपर्यंतचे सगळे खांब टिकलं होतं. एवढं टिकलेलं वाक्य टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं.

तिने स्वतःशी हिशेब मांडला. तयारी झाली आहे. लांब पल्ल्याचे सगळे सराव पुरे झालेत. न पोचण्याची शक्यता नगण्य. वडिलांचं येणं मात्र तिने शक्यतेतही धरलं नाही. ती तर कथेतली गोष्ट होती. गुरुवारी दुपारी तिने लेख पाठवला, शर्यत पुरी झाल्यासारखा. प्रयोगशाळेत नमुना यंत्रात घालण्याआधीच आकडा लिहून ठेवणाऱ्या एका मुलाला मागच्याच वर्षी तिच्या तक्रारीवरून काढलं होतं. ते तिला लेख पाठवताना आठवलं. ते वेगळं, असं तिने मनाला सांगितलं. ते पाणी लोक पितात.

करमरकरांचं उत्तर एका शब्दाचं आलं. “उत्तम.” टाचणीशिवाय.

रविवारी पहाटे ती निघाली तेव्हा अब्बा नमाजासाठी उठले होते. “जाते,” ती म्हणाली. “सावकाश,” ते म्हणाले. पळायला निघालेल्या माणसाला सावकाश म्हणणारे अब्बा. याचं एक बरं वाक्य होईल, असं तिला वाटून गेलं.

पहिला निम्मा रस्ता कसा सरला ते कळलंही नाही. कॅम्पातली झाडं, रस्त्याकडेला टाळ्या वाजवणारी शाळेची मुलं, गार हवा. घोळ सुरू झाला तो दुसऱ्या फेरीत, मार्केट यार्डाच्या अलीकडे. पोटऱ्या दुखायला लागल्या. ते अपेक्षितच होतं, इतकी ओढ तर सरावातही बसायची. तेव्हा ती काय करायची? वाक्य शोधायची. आताही तिने शोधलं. डोक्यात काहीच नव्हतं. कोथिंबिरीच्या गाड्या, हमालांच्या आरोळ्या, कांद्याचा आणि डिझेलचा वास, सगळं समोर होतं, पण कशालाच शब्द लागेना. आणि लागून तरी काय करायचं होतं? लेख लिहून झाला होता. छापूनही झाला होता. पुढच्या खांबापर्यंत न्यायला तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं. त्या लेखातली माहेनूर तर केव्हाच मैदानात पोचून अब्बांच्या गळ्यात पडली होती. मागे उरलेल्या या पायांनी आता कोणासाठी पळायचं?

फूलबाजारापाशी पायदळी आलेल्या झेंडूचा चिखल झाला होता. ती तिथे थांबली. घसरली नाही, पडली नाही. पोटरीत गोळा आला होता, पण चालता आलं असतं. कितीतरी लोक चालत होतेच. ती पदपथाच्या कडेला बसली आणि बसूनच राहिली. सायकलवरच्या स्वयंसेवकाने विचारलं, “ताई, गाडी बोलावू?” तिने होकारार्थी मान हलवली. आपण इतक्या पटकन मान हलवली, हेच तिला नंतर सगळ्यात जास्त टोचत राहिलं.

शर्यत सोडलेल्यांना गोळा करत फिरणारी ती गाडी होती. आत एक तरुण घोट्याला बर्फाची पिशवी बांधून बसला होता. तो तिच्याकडे दोनतीनदा पाहून म्हणाला, “एक्सक्यूज मी, तुम्ही ‘पायाखालचं’वाल्या ना? मी वरद. अहो, सकाळी येताना मोबाईलवर वाचलं मी. काय लिहिलंय! तो लास्टचा बाटलीचा सीन वाचून तर अंगावर काटाच...”

तो तिथेच थांबला. त्याने तिच्या छातीवरच्या नंबराकडे पाहिलं, मग गाडीच्या टपाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“पण पेपरात तर तुम्ही पोचलात.”

“ते आधी लिहिलं होतं,” माहेनूर खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“ओह. शेड्यूल्ड पोस्ट.” त्याने समजूतदारपणे मान डोलावली. चिडला असता तर बरं झालं असतं.

पुढून चालक सुखदेव आरशात बघत म्हणाला, “पेपरवाले नेहमी गाडीच्या पुढंच असतात, ताई.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. वरदही हसला. माहेनूरलाही थोडं हसावं लागलं.

गाडी मैदानाच्या मागच्या दाराने आत आली. उतरायचं, मंडपामागून बाहेर पडायचं, रिक्षा करायची, एवढंच तिने ठरवलं होतं. पण कुंपणाच्या कडेने जाताना तिला हिरवा रंग दिसला.

शेवटच्या कमानीपाशी, लोखंडी कठड्याला टेकून अब्बा उभे होते. शुक्रवारच्या नमाजाचा पांढरा सदरा अंगावर. हातात घरातली हिरवी बाटली, अगदी लेखात लिहिली होती तशी वर धरलेली. हात दुखला की ते दुसऱ्या हातात घेत होते, पण खाली करत नव्हते.

तिचे पाय तिथेच रुतले. पळून जायला हेच पाय हवे होते, नेमके तेच जागचे हलेनात.

“अगंबाई, ही बघा आली!” अब्बांच्या शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर बाई ओरडल्या. पेठेतल्या निवृत्त शिक्षिका वाटाव्यात अशा, सुती साडी, पायात बूट, बगलेत पुरवणीची घडी. “फोटोवरून ओळखलं हो मी. मी कुसुम दामले, नारायण पेठेतली. माझा नातू पळतोय, छोट्या शर्यतीत. सकाळी चहाबरोबर वाचलं आणि इथे बघते तर हे बाटली धरून उभे! म्हटलं, तुम्हीच का हो ते?”

माहेनूरने अब्बांकडे पाहिलं. ते बाटलीचं झाकण घट्ट करत होते.

“चांगलं सुनावलं मी यांना,” कुसुमताई सांगत होत्या. “म्हटलं, इतकी वर्षं पोरीला तोडून बोलत होतात, आज बरी अक्कल आली.”

“मग?” माहेनूरच्या तोंडून कसंबसं निघालं. “काय म्हणाले?”

“काय म्हणणार? ‘चुकलंच माझं, बाई,’ म्हणाले. कबूल करायला मोठं मन लागतं हो. सांभाळ यांना.” मग त्यांची नजर तिच्या गळ्याकडे गेली. “आणि पदक कुठाय तुझं?”

सांगायची वेळ होती ती हीच. अब्बा तिच्याकडे बघत होते, शांतपणे. गिऱ्हाईक चौकटीचा रंग ठरवत असलं की असेच थांबायचे.

“आत आहे,” माहेनूर म्हणाली. “रांग होती. नंतर घेते.”

“शाब्बास!” कुसुमताईंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि नातवाला शोधायला निघून गेल्या.

अब्बांनी तिला मंडपाच्या सावलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि बाटली उघडून हातात दिली. लिंबू, मीठ, थोडी साखर. ती प्यायली.

“अब्बा, मी पोचले...”

“गाडीतून उतरताना बघितलं मी,” ते म्हणाले.

म्हणजे मघाचं, रांगेचं, पदकाचं, तेही त्यांनी सगळं माहीत असून ऐकलं होतं. तिने बाटली खाली ठेवली. “तुम्ही वाचता ते?” ती म्हणाली.

“दर रविवारी. तुझ्या अम्मीला मराठी वाचता येत नाही, मीच वाचून दाखवतो.”

“सगळं?”

“माझं सोडून.”

ते रागावलेले नव्हते. राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती आठवू लागली. अबोला, फिरवलेली पाठ, मुलीची जात. यातलं प्रत्येक वाक्य या माणसाने चष्मा लावून वाचलं होतं, मग पुढच्या ओळीवर उडी मारली होती, आणि अम्मीला चढाचं नि खांबाचं तेवढं सांगितलं होतं.

“मग आलात कशाला?” तिने विचारलं. प्रश्न तिला वाटला त्याहून उद्धट निघाला.

“छापलंय ना मी आलो म्हणून. एवढे लोक वाचणार. मी इथे नसतो तर तू खोटी पडली असतीस.” त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग घरच्या बोलीत, जरा हळू, “और तू बुलाई कब मेरेकू, नूरी? बुलाती तो आता नै था क्या मैं?”

तिने त्यांना खरंच कधी बोलावलं नव्हतं. इतक्या शर्यती झाल्या, एकदाही नाही. विचारलं असतं तर ते आले असते, दुकान बंद करून. आणि मग लिहायला काय उरलं असतं?

रिक्षात बसल्यावर तिने करमरकरांना फोन लावला. अब्बा शेजारीच होते. दूर जाऊन बोलावं असं तिला क्षणभर वाटलं, पण चालत्या रिक्षातून जाणार कुठे?

“अभिनंदन,” करमरकर म्हणाले. “सकाळपासून फोन थांबत नाहीत.”

“सर, मी पोचले नाही. मार्केट यार्डात सोडली.”

“दुखापत?”

तिने पोटरीकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. “नाही. थांबले.”

“हं. मग आता काय करायचं म्हणता? वाचक काही निकालाच्या याद्या तपासत बसत नाहीत. दोन आठवड्यांनी एखादी छोटी शर्यत पळा, विषय संपला.”

“खुलासा छापा, सर. आणि वडिलांचा विरोध कधीच नव्हता. तेही त्यात घ्या. ते मी रचलं होतं.”

“कधीपासून?”

“तुम्ही पत्रं आली म्हणालात, तेव्हापासून. पण रचलं मी.”

करमरकरांनी श्वास सोडलेला ऐकू आला. “बाई, पोचलात ते खोटं. विरोध होता ते खोटं. मग त्या लेखात खरं काय उरतं?”

माहेनूरने अब्बांच्या मांडीवरच्या बाटलीकडे पाहिलं. “बाटली,” ती म्हणाली.

करमरकर हसले नाहीत. “चार ओळी पाठवा. पुढच्या रविवारी आतल्या पानावर टाकतो. त्यानंतर सदर नाही. कारण समजलं असेलच.”

“हो, सर.”

संगम पुलावरून जाताना अब्बा नदीकडे बघत राहिले. फोनवर काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. सगळं ऐकलेलंच होतं.

खडकी बाजारात रिक्षा दुकानापाशी थांबली. शटरवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘दुकान दुपारी उघडेल.’ खाली एक गिऱ्हाईक फोटो बगलेत धरून ताटकळत होतं. अब्बांनी आधी त्याची माफी मागितली, मग चिठ्ठी काढून घडी करून खिशात ठेवली.

“अब्बा, तुम्ही पण चला ना घरी.”

“अम्मीने सकाळीच गल्लीत पेढे वाटायला घेतलेत,” ते कुलपाशी वाकून म्हणाले. “छापून आलंय म्हणजे झालंच, असं तिचं म्हणणं. मी थांब म्हटलं नाही. मलापण वाटलं, पोचशील.” शटर वर गेलं. “जा. घरी तू सांग.”

“काय सांगू?”

“मी गाळून वाचतो. तू गाळू नकोस.”

दुकानापासून गल्लीपर्यंतचं अंतर तिने हजारदा पळून पार केलं होतं. आज ती एक पाय ओढत चालत निघाली. वाटेतले विजेचे खांब तिला ओळखीचे होते. सवयीने तिने पहिल्या खांबापाशी एक वाक्य जुळवायला घेतलं, पोटरीपासून सुरू होणारं. ते ऐकायला बरं वाटलं असतं. दुसरा खांब यायच्या आत तिने ते सोडून दिलं.

“आली, आली!” गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं. दारादारांतून माणसं बाहेर आली. तिची अम्मी, नसीमबानू, पदर सावरत पुढे आल्या, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात झेंडूचा हार. हार फूलबाजारातलाच असणार. त्यांनी हात उंच केले आणि माहेनूरने ते मध्येच धरले.

“थांब, अम्मी,” ती म्हणाली. सगळी गल्ली तिच्याकडे बघायला लागली. पाठ केलेलं एकही वाक्य आज तिच्याजवळ नव्हतं. तिने तोंड उघडलं.